'रन' दिसला की 'धावणे' लिहू नका

इंग्रजीतून मराठी करणाऱ्या नवशिक्यांचं काम तपासताना एकाच शब्दापाशी सारखी लाल खूण करावी लागते: 'रन'. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांनी 2011 साली या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले होते. आपल्याकडे दोनांवर काम भागवतात, धावणे आणि चालवणे. कोश उघडायचा कंटाळा, दुसरं काय!

सगळ्यात महागात पडते ती यंत्रांच्या माहितीपुस्तिकांमधली चूक. विहिरीवरच्या पंपाची एक पुस्तिका दुसऱ्या छपाईआधी माझ्याकडे आली. मूळ सूचना होती 'डू नॉट रन द पंप ड्राय'. मराठीत छापलं होतं, 'पंप सुकवण्यासाठी चालवू नका'. व्याकरण चोख, म्हणून कुणाला खटकलंच नाही. खरं सांगायचं होतं ते असं की पाणी नसताना पंप चालवू नका. उन्हाळ्यात विहिरीची पातळी फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाशी असलेल्या झडपेच्या, खाली गेली की पंप नुसती हवा ओढतो. आतलं सील पाण्यामुळेच गार राहतं. पाणी तुटलं की ते जळतं आणि भुर्दंड शेतकऱ्याला. मी ओळखीच्या मोटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "काय सांगता तुम्ही गिऱ्हाईकाला?" तो म्हणाला, "पाणी ओढत नसंल तर लगेच बंद करा." पुस्तिकेत तेच घातलं. तेव्हापासून यंत्राचं वाक्य मी ते यंत्र हाताळणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही. याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

दुसरी चूक बातम्यांतली: 'रन ऑन द बँक'चं 'बँकेवर धाव'. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेने तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे, बँक ऑफ इंग्लंडकडे, तातडीची मदत मागितल्याची बातमी फुटली आणि शाखांबाहेर रांगा लागल्या. लोक पैसे काढायला आले होते. मग 'ठेवी काढण्यासाठी झुंबड' असं सरळ लिहा ना! 'धाव' म्हटलं की मराठी वाचकाला कुणीतरी मदतीला धावल्यासारखं वाटतं, म्हणजे अर्थ थेट उलटा.

बाकीच्या थोडक्यात. 'रनिंग अ फिव्हर' म्हणजे अंगात ताप आहे, एवढंच. अमेरिकेतला 'रनिंग मेट' हा 'धावता सोबती' नव्हे, उपाध्यक्षपदाचा उमेदवार. 2024 मध्ये कमला हॅरिस यांच्याबरोबर टिम वॉल्झ होते तसा. 'रन्स इन द फॅमिली'ला 'घराण्यातच आहे' पुरतं. वर्तमानपत्र बातमी 'रन' करतं तेव्हा ते ती छापतं.

माझी सवय साधी आहे: 'रन'वर बोट ठेवून तो झाकायचा आणि उरलेलं वाक्य वाचायचं. कोण, कशाचं, कशावर, हे कळलं की मराठी क्रियापद आपसूक सुचतं. नाहीच सुचलं तर कोशातली नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. 'ऑन', 'आउट', 'इंटू' जोडून होणारे अर्थ बहुतेक तिथेच खाली असतात.