हिवाळी बदकांचा थवा मोजायचा कसा

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. नांदूर मध्यमेश्वरसारख्या जलाशयावर त्या दिवसांत बदकांची गर्दी असते आणि वहीत ‘पुष्कळ’ लिहून सुटायचा मोह होतो. ‘पुष्कळ’ची पुढच्या वर्षाशी तुलना करता येत नाही. आकडाच हवा, अंदाजे असला तरी चालेल.

दुर्बीण ८×४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. १०×मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तितकीच वाढते. आधी उजवे भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर लांबची फांदी स्पष्ट करा. मग डावे झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या बाजूची कडी फिरवा. ही कडी पिशवीत घासून सरकते, म्हणून रोज सकाळी तपासा.

सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी येते. समोरून ऊन असेल तर सगळी बदके काळीच दिसतात. ऊन तापले की पाण्यावरची हवा लहरू लागते, तेव्हा स्कोपचे (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीचे) झूम वाढवून उपयोग नाही. नऊच्या आत उरका.

आता मोजणी. थव्यातले ५० पक्षी एकेक करून मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्या आणि तोच तुकडा पुढे पुढे सरकवत जा. दाट आणि विरळ भागांसाठी तुकडा वेगळा घ्या, कारण दाट थव्याचा आकडा नवखा माणूस हमखास कमी धरतो. दोनदा मोजा; फरक फार आला तर १०चा तुकडा घ्या. मध्येच शिकारी पक्षी आला आणि थवा उठून पुन्हा बसला, तर तो भाग पहिल्यापासून मोजावा लागतो.

जाती नंतर. कडेची आणि मधली मिळून २०० बदके ओळखा, कारण जाती थव्यात सारख्या मिसळलेल्या नसतात. त्यांत १२० थापटे, ५० तलवार बदके, ३० गडवाल निघाली आणि एकूण थवा १,४००चा असला, तर ८४०, ३५० आणि २१० धरा. नुसत्या माद्या दिसल्या आणि ओळख पटली नाही, तर ‘बदक, अनोळखी’ असेच नोंदवा. चांदवे (काळे पाणपक्षी, इंग्रजीत कूट) बुड्या मारतात, त्यांची दोन फेऱ्यांतली मोठी संख्या घ्या.

ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, ‘एक्स’ (दिसले, पण मोजले नाहीत) टाकू नका. आकडा भरा आणि शेऱ्यात ‘५०च्या तुकड्याने, दोनदा मोजले’ असे लिहा.