यादीत नाव नसलेल्या रसायनाची मर्यादा कशी ठरवायची

पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात नव्या इंटरमिजिएटची, म्हणजे औषध बनवण्याच्या मधल्या टप्प्यावरच्या रसायनाची, पिंपे येऊन पडतात. सोबतच्या सुरक्षा माहितीपत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये, आठव्या विभागात 'मर्यादा निश्चित केलेली नाही' एवढेच छापलेले असते. मर्यादा म्हणजे कामगाराच्या श्वासातल्या हवेत ते रसायन जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. पुष्कळ ठिकाणी याचा अर्थ 'मर्यादेची गरज नाही' असा लावला जातो. खरा अर्थ एवढाच, की हे काम अजून कोणी केलेले नाही आणि ते आता तुमच्या टेबलावर आले आहे.

आधी याद्या चाळा. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कलम ४१-एफ आले आणि त्यासोबत हवेतल्या रसायनांच्या मर्यादांची दुसरी अनुसूची. त्या यादीत पदार्थ शंभराहून थोडेच अधिक. औषध कारखान्यांतली इंटरमिजिएट्स त्यात शोधूनही सापडत नाहीत. नाव सापडले तरी निर्धास्त होऊ नका. टोल्यूइनला या अनुसूचीत आठ तासांची सरासरी १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आहे, तर अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने तीच मर्यादा बऱ्याच वर्षांपूर्वी २० पीपीएमवर आणली. कायद्याचा आकडा पाळणे बंधनकारक आहे. पण त्याहून कडक आकडा स्वतःच्या कारखान्यात लावायला कोणाची मनाई नाही.

यादीत काहीच नसेल तर कागद गोळा करा. माणसांवरची माहिती मिळाली तर ती पहिली: कामगारांच्या आरोग्यतपासण्या, औषध असेल तर रुग्णांना दिलेला सर्वांत कमी डोस. ती नसेल तर प्राण्यांवरचे अभ्यास. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या चाचणी-मार्गदर्शिकांचे क्रमांक ओळखीचे असले की काम सोपे होते. ४०७ म्हणजे २८ दिवस तोंडावाटे, ४०८ म्हणजे ९० दिवस तोंडावाटे, ४१३ म्हणजे ९० दिवस श्वासावाटे, ४१४ म्हणजे गर्भावरचे परिणाम आणि ४७१ म्हणजे डीएनएत बदल घडतात का हे पाहणारी जिवाणूंवरची एम्स चाचणी. विक्रेत्याकडून सारांश घेऊन थांबू नका, मूळ अहवाल आणि त्यातले तक्ते मागा. चाचणीला वापरलेल्या नमुन्याची शुद्धताही पाहा. ९९ टक्के शुद्ध माल तपासलेला असतो आणि तुमच्या ड्रायरमधून निघतो तो ९४ टक्क्यांचा. उरलेल्या सहा टक्क्यांबद्दल अहवालात अवाक्षर नसते.

एलडी-५० वरून मर्यादा काढायची नाही. केवढ्या एका डोसने निम्मे उंदीर मरतात हे त्या आकड्यातून कळते, वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेले तर यकृताचे काय होईल हे कळत नाही. तरीही 'एलडी-५० भागिले हजार' असला हिशोब करून फाइल बंद केलेली दिसते. तो हिशोब नव्हे, कागदी घोडा.

आकडेमोडीआधी एक प्रश्न निकाली काढावा लागतो: या पदार्थाला उंबरठा आहे का? यकृताची सूज, मूत्रपिंडाची इजा, रक्तातल्या पेशी घटणे, अशा परिणामांना साधारणपणे उंबरठा असतो. त्याखालच्या डोसला शरीर निभावून नेते. डीएनएला थेट इजा करून कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांना तसा उंबरठा गृहीत धरत नाहीत. तिथे खाली येणारे भागाकार चालत नाहीत. त्याऐवजी कर्करोगाच्या अभ्यासातला टीडी-५०, म्हणजे निम्म्या प्राण्यांना कर्करोग करणारा रोजचा डोस, घ्यायचा आणि त्याला ५०,००० ने भागायचे; मग आयुष्यभराची अतिरिक्त जोखीम लाखात एक एवढ्यावर येते. समजा टीडी-५० किलोमागे रोज १० मिलिग्रॅम आहे. ५० किलोच्या माणसाला गुणून भागाकार केला की ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे रोज १० मायक्रोग्रॅम. कर्करोगाचा अभ्यासच नसेल आणि एम्स चाचणी मात्र पॉझिटिव्ह असेल, तर औषधातल्या अशुद्धींसाठी आयसीएच एम-७ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने मान्य केलेला रोजचा १.५ मायक्रोग्रॅम हा आधार धरता येतो. नायट्रोसमीनसारखे काही गट त्यातूनही वगळलेले आहेत; त्यांना हा आकडा फारच सैल पडतो.

आता उंबरठा असलेल्या पदार्थाचे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. पांढरी भुकटी, ९० दिवसांचा उंदरांवरचा अभ्यास, डोस किलोमागे रोज १५, ५० आणि १५० मिलिग्रॅम. १५० ला यकृताचे वजन वाढले आणि एन्झाइम्स चढले. ५० ला काही नाही. मग 'अपाय न दिसलेला सर्वाधिक डोस', म्हणजे एनओएईएल, ५० झाला. पण हा ५० निसर्गाने दिलेला नाही, अभ्यास आखणाऱ्याने निवडलेला आहे. खरा उंबरठा ५० ते १५० मध्ये कुठेही असेल. गटात नर दहा, माद्या दहा; वीसातल्या एखाद्यालाच त्रास होत असेल तर तो नजरेतून सहज निसटतो. म्हणून तक्त्यात चढत्या डोसबरोबर चढता परिणाम दिसत असेल, तर बेंचमार्क डोसची पद्धत वापरा आणि वक्रावरून १० टक्के परिणामाच्या डोसची खालची विश्वासमर्यादा घ्या. दोनच गटांची माहिती असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

सूत्र सरळ आहे. रोजचा सुसह्य डोस काढायला एनओएईएलला ५० किलोने गुणायचे आणि पाच गुणकांच्या गुणाकाराने भागायचे. पहिला गुणक प्राण्यापासून माणसापर्यंतचा: उंदीर (रॅट) ५, छोटा उंदीर (माउस) १२, ससा २.५, कुत्रा २, माकड ३. दुसरा माणसामाणसातल्या फरकाचा, १०. तिसरा अभ्यासाच्या कालावधीचा: उंदरांवर वर्षभराचा असेल तर १, सहा महिने २, तीन महिने ५, त्याहून कमी असेल तर १०. चौथा परिणाम किती गंभीर त्यावर, १ ते १०. पाचवा, अपाय न दिसलेला डोस मिळालाच नसेल आणि अपाय दिसलेल्या सर्वांत कमी डोसवर भागवायचे असेल तर, १० पर्यंत. आपल्या उदाहरणात ५० × ५० = २,५००; खाली ५ × १० × ५ × १ × १ = २५०. रोज १० मिलिग्रॅम.

इथे थांबून गर्भावरचा अभ्यासही काढा. समजा सशांवर एनओएईएल ३० आहे. ३० हा ५० पेक्षा लहान, म्हणून तोच पकडायचा मोह होतो. पण ससा २.५, माणसांतला फरक १०, गर्भविकासाचा पूर्ण काळ व्यापल्यामुळे कालावधी १, आणि मादीला त्रास नसताना पिलांचे वजन घटले म्हणून गांभीर्य ५. एकूण १२५. १,५०० भागिले १२५ म्हणजे १२ मिलिग्रॅम. लहान एनओएईएलमधून सैल आकडा निघाला! तेव्हा मर्यादा ठरवताना एनओएईएल नव्हे, गुणक लावून झालेले आकडे शेजारी ठेवून लहान तो घ्यायचा. त्याच अभ्यासात वजनघटीऐवजी टाळू दुभंगलेली पिले निघाली असती तर गांभीर्य १० झाले असते, उत्तर ६ आले असते आणि पूर्ण मर्यादा या अभ्यासावर बेतावी लागली असती. हा निर्णय सूत्र देत नाही. विषशास्त्र शिकलेल्या माणसाने तक्ता वाचून तो घ्यायचा आणि कारण दोन ओळींत लिहून ठेवायचे.

गुणक लावण्यात दोन टोकांच्या चुका होतात. एक, सावधगिरी म्हणत सगळीकडे १० लावणे: पाच दहा म्हणजे एक लाख, आणि असा आकडा येतो की तो मोजायला प्रयोगशाळा मिळत नाही, मग कोणीच तो पाळत नाही. दुसरी, ९० दिवसांचा अभ्यास 'दीर्घकालीन' म्हणून कालावधीचा गुणक सोडून देणे.

आता रोजच्या डोसवरून हवेतली मर्यादा. आठ तासांच्या हलक्या कामात माणूस साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. १० मिलिग्रॅम भागिले १० घनमीटर, म्हणजे घनमीटरला १ मिलिग्रॅम. पण तोंडावाटे दिलेला पदार्थ आतड्यातून सगळाच शोषला जात नाही आणि फुप्फुसातून गेलेला आधी यकृतात न जाता थेट रक्तात उतरतो. मोजलेली माहिती नसेल तर तोंडावाटे ५० टक्के, श्वासावाटे १०० टक्के शोषण धरतात. मर्यादा निम्मी झाली: ०.५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

युरोपच्या रीच या रसायन-कायद्यातल्या पद्धतीने पडताळून पाहा. एनओएईएल ५० ला ०.३८ ने भागा (उंदराची आठ तासांची हवा, किलोमागे घनमीटरमध्ये), ६.७/१० ने गुणा (आरामात बसलेल्या आणि काम करणाऱ्या माणसाच्या श्वासातला फरक), शोषणासाठी निम्मे करा: सुमारे ४४. मग उरलेल्या प्रजातीभेदासाठी २.५, कामगारांसाठी ५, ९० दिवसांसाठी २, एकूण २५. उत्तर सुमारे १.८. दोन मान्य पद्धती, एकच अभ्यास आणि साडेतीन पटींचा फरक. यात गोंधळण्यासारखे काही नाही. उत्तरे दहापटीने लांब गेली असती तर कुठेतरी एककाची चूक शोधावी लागली असती. दोन्ही आकडे नोंदवा, ०.५ घ्या. आणि ०.४९७ असले काही लिहू नका. गुणकच ५ आणि १० असताना दशांशाची तिसरी जागा शोभेची आहे.

पदार्थ श्वासनलिकेची जळजळ करत असेल किंवा दमा लावत असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवावे लागते. तोंडावाटेच्या अभ्यासात ते दिसतच नाही. एसडीएसमध्ये एच३३४ हे, श्वासावाटे ॲलर्जी किंवा दम्याचा इशारा देणारे, विधान असेल, जसे पॉलियुरेथेन फोमसाठी लागणाऱ्या टीडीआयला असते, तर एकदा संवेदनशील झालेल्या कामगाराला अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. टीडीआयची एसीजीआयएचची मर्यादा ०.००१ पीपीएम आहे, यावरून अंदाज यावा. अशा पदार्थाला आठ तासांची सरासरी पुरत नाही, पंधरा मिनिटांची वेगळी मर्यादा हवीच. इतर पदार्थांना स्वतंत्र अल्पकालीन मर्यादा नसेल तर सरासरीच्या तिप्पट, पंधरा मिनिटांपुरती, शिफ्टमध्ये चार वेळांहून जास्त नाही आणि दोन वेळांमध्ये तासाचे अंतर. पाचपट तर कधीच नाही. चार्जिंगच्या, म्हणजे रिॲक्टरमध्ये माल भरण्याच्या, वेळी मॅनहोल उघडून गोणी रिकामी करणारा माणूस दहा मिनिटांत दिवसभराचा हिस्सा घेतो, सरासरीत ते बुडून जाते.

कातडीचाही विचार करा. कातडीवाटेचा एलडी-५० किलोमागे १,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर मर्यादेपुढे 'त्वचा' असा शेरा लिहा. डीएमएफसारखा द्रावक हातमोज्यातून झिरपत असेल तर हवेतला आकडा कितीही छान आला तरी उपयोग शून्य.

बारा तासांची शिफ्ट पुण्याच्या आसपासच्या वसाहतींत अजिबात नवलाची नाही आणि बहुतेक मर्यादा आठ तासांच्या हिशोबाने बसवलेल्या असतात. ब्रीफ आणि स्काला यांची रीत वापरा: ८ भागिले १२, गुणिले १२ भागिले १६ (पहिला भाग जास्त वेळ श्वासात गेल्याचा, दुसरा शरीराला निचरा करायला वेळ कमी मिळाल्याचा). उत्तर ०.५. म्हणजे आपली ०.५ ची मर्यादा ०.२५ वर आली. ओव्हरटाइमचे रजिस्टर पाहिल्याशिवाय मर्यादा जाहीर करू नये ती यासाठीच.

बाष्प असेल तर पीपीएममध्ये बदलताना पुस्तकातला २४.४५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर. हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी, त्यामुळे २५ अंशांना तो २६.१ च्या जवळ जातो. सुरक्षा गुणकांपुढे हा फरक किरकोळ आहे, पण सॅम्पलिंग पंपाचा प्रवाह मुंबईत जुळवून आणला आणि इथे वापरला तर तो वरच्या चुकांत भर घालतो. पंप जागेवरच, शिफ्टच्या आधी आणि नंतर तपासा.

आकडा मोजता येतो का हे जाहीर करण्याआधी पाहायचे. मिनिटाला २ लिटरने आठ तास म्हणजे ९६० लिटर हवा. ०.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला फिल्टरवर ०.४८ मिलिग्रॅम बसेल. युरोपीय मानक ईएन ६८९ प्रमाणे तिन्ही नमुने मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याखाली आले तर काम निभावले. म्हणजे प्रयोगशाळेला ४८ मायक्रोग्रॅम खात्रीने मोजता आले पाहिजेत. एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पृथक्करण यंत्राला हे कठीण नाही. नुसते फिल्टर वजन करून मात्र चालणार नाही, कारण त्यात कारखान्यातली सगळीच धूळ येते. नमुना कॉलरपाशी, श्वासाच्या पट्ट्यात घ्या; भिंतीवर टांगलेला पंप भिंतीची हवा मोजतो. कायम हजेरीपटावरच्या माणसांइतकेच कंत्राटी सफाईवाल्यांचेही नमुने घ्या. ड्रायर ते खरवडतात.

माहितीच नसेल, फक्त एसडीएसवरची धोक्याची विधाने असतील, तर आकडा बनवू नका, पट्टा लावा. ब्रिटनच्या कॉश पद्धतीत भुकटीसाठी 'अ' पट्टा घनमीटरला १ ते १० मिलिग्रॅम, मग प्रत्येक पायरीला दहापट कडक, 'ड' म्हणजे ०.०१ च्या खाली. शंका असेल तर एक पायरी कडक.

ही मर्यादा कारखान्याच्या कुंपणाच्या आतली. कुरकुंभ गावातल्या लहान मुलाला किंवा दमेकरी आजोबांना ती लावायची नाही. कामगार आठवड्याला ४० तास तिथे असतो असे धरतात, गावकरी १६८ तास. शिवाय कामगारांसाठी धरलेल्या ५ च्या जागी १० धरावा लागतो. नुसत्या या दोन कारणांनीच आकडा आठपटींहून खाली जातो.

कागदावर एवढे हवे: पदार्थाचा सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळखक्रमांक), निवडलेला अभ्यास आणि नाकारलेले अभ्यास कारणांसह, प्रत्येक गुणक आणि त्यामागची ओळ, दोन्ही पद्धतींची उत्तरे, शिफ्टचे तास, मोजण्याची पद्धत, सही करणाऱ्याची पात्रता, तारीख. तीन ते पाच वर्षांनी फेरतपासणी, आणि त्याआधी तीन प्रसंगी: नवा अभ्यास आला, उत्पादनाची प्रक्रिया बदलली, किंवा वार्षिक तपासणीत एकाच विभागातल्या दोघांचे यकृताचे रिपोर्ट बिघडले.