मे संपत आला, सोसायटीतल्या उंदरांचं काय केलंत?

मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो, बिळांत पाणी शिरतं आणि सगळी उंदीर-घुशींची पलटण जिन्यात येते, म्हणून यंदा आमच्या बिल्डिंगीत हे काम मे मध्येच उरकायचं ठरलंय. गेल्या वर्षी आम्ही उलटं केलं, आधी औषध टाकलं आणि कचरा तसाच, दोन महिन्यांत परत तेच. मादी २१-२२ दिवसांत विते, एका वेळी सात-आठ पिल्लं, औषध कुठवर पुरणार!

तेव्हा पहिला कचरा. ओला कचरा रात्री दाराबाहेर नको, डबा झाकणाचा हवा, आणि हाऊस गल्लीत (दोन बिल्डिंगींमधल्या चिंचोळ्या बोळात) खिडकीतून पिशव्या कोण फेकतं ते सगळ्यांना माहितीये, त्यांच्याशी चहा पाजून बोला, नोटीस कोणी वाचत नाही. कबुतरांचे दाणे, मांजरासाठी ठेवलेला भात, तेही अंधार पडायच्या आत उचला.

मग बिळं. संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडात कागदाचा बोळा कोंबायचा, सकाळी जिथला बाहेर ढकललेला दिसेल ते बीळ चालू. बाकीची काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा, चालू बिळांचे फोटो काढून वॉर्ड ऑफिसात कीटकनाशक खात्याकडे लेखी अर्ज द्या, आणि शेजारच्या बिल्डिंगीलाही सोबत घ्या नाहीतर आपले तिकडे जातात आणि आठवड्याने परत येतात. नहाणीच्या जाळ्या, मीटर रूमच्या दाराखालची फट, पाईप भिंतीत शिरतो तिथली भोकं, सगळं बघा, बोट जाईल एवढ्या फटीतून पिल्लू आरामात आत येतं.

पिंजरा लावणार असाल तर दोन-तीन रात्री नुसता उघडा ठेवा, आत भजी नाहीतर सुका बोंबील, उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, सरावला की मग खटका लावा. धान्यात टाकायच्या गोळ्या मात्र घरात अजिबात नको, दमट हवेत त्यातून विषारी गॅस सुटतो आणि बंद खोलीत माणसं जातात. ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्टसुद्धा नको, पोरांच्या पोटात गेली तर लिव्हर जातं आणि त्यावर उतारा नाही.

मेलेला उंदीर हातमोजे घालूनच उचला, डबल पिशवीत, जागेवर ब्लीचिंगचं पाणी.

आणि लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदराचं मूत साचलेल्या पाण्यात मिसळतं आणि पायाच्या जखमेतून शिरतं, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईने हे भोगलंय. म्हणून गमबूट आत्ताच घेऊन ठेवा, जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी, आणि पाण्यातून चालावं लागलंच तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, लेप्टो टाळायची गोळी घ्यायची की नाही ते तिथे ठरवतील, गरोदर बायका आणि लहान मुलांचं वेगळं असतं. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरला आपणहून सांगा, गर्दीत ते विचारतीलच असं नाही.