आजी-आजोबांना खुर्चीत बसवण्याआधी

वयस्कर माणसांचे पोर्ट्रेट काढायला लागलो तेव्हा पहिल्याच आजोबांना मी तासभर ताटकळत ठेवलं. लाइट मनासारखा लागेपर्यंत त्यांचे खांदे उतरले होते, डोळे जड झाले होते. आता सगळी मांडामांड आधी करतो, टेस्ट शॉटला घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बसवतो. आजोबा बसले की २० मिनिटांत काम उरकायचं.

खुर्ची हातांची आणि टणक बैठकीची हवी. सोफ्यात माणूस रुतून बसतो. मोठी खिडकी असेल आणि थेट ऊन येत नसेल तर तेवढा उजेड पुरतो. लेन्स ८५ एमएम, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ५.६. एफ १.८ च्या, म्हणजे मोठ्या छिद्राच्या मोहात पडलात तर एक डोळा शार्प, दुसरा धूसर. हात किंवा मान थरथरत असेल तर शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) खुशाल वाढवा.

चष्म्याने मला सगळ्यात जास्त रडवलं. काचेवरची चमक टाळायला एका आजींना चष्मा काढायला लावला. नाकावर दोन लालसर खळगे, नजर कुठेच ठरेना. फोटो पाहून त्यांची नात म्हणाली, ''ही कोण?'' चष्मा राहू द्या. लाइट वर आणि बाजूला सरकवा. तरी नाही जमलं तर चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित उचला. काचा खाली झुकतात, चमक जाते.

''आजी, हसा'' म्हणू नका. त्याने कवळी दिसते, हसू दिसत नाही. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला उभं राहून पहिल्या नोकरीबद्दल, शाळेबद्दल काहीतरी विचारा. सांगून झाल्यावर त्या क्षणभर गप्प होतात ना, तेव्हा क्लिक करा.

रिटचिंगमध्ये मी कालपरवाचं खरचटलेलं तेवढं काढतो. सुरकुत्या, तीळ, जुने वण यांना हात लावत नाही, घरच्यांनी आग्रह केला तरी.

८ बाय १० इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. कागद अ‍ॅसिड-फ्री, शाई पिगमेंटची (लवकर फिकी न पडणारी). मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. माझ्या बॉलपेनाचा दाब एकदा पुढे थेट गालावर उमटला होता. पूर्ण नाव, जन्मवर्ष, फोटोची तारीख, एवढं पुरे. नुसतं 'आजी' लिहू नका. आमच्याच घरी मागे 'आजी' लिहिलेले दोन जुने फोटो आहेत. त्या कुणाच्या आजी, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.