सातारकरांसाठी ग्योंगजू : मुक्काम, जेवण आणि काय पाहावे

कोरियाला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी सोल आणि बुसान ही दोन शहरे पाहून परततात, आणि वाटेतले ग्योंगजू फार तर बुसानहून एका दिवसात उरकले जाते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या, जुन्या दगडांत रमणाऱ्या सातारकराने तरी असे करू नये. परंपरेनुसार इ. स. पूर्व ५७ मध्ये सुरू झालेल्या आणि इ. स. ९३५ पर्यंत टिकलेल्या शिल्ला राज्याची ही राजधानी. तिच्यासाठी निदान दोन रात्री राखून ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतीय पासपोर्टधारकांना कोरियाचा व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा लागतो, म्हणून तारखा ठरताच ते काम आधी हाती घ्यावे. सोलहून केटीएक्स ही वेगवान गाडी साधारण दोन तासांत, तर बुसानहून अर्ध्या तासात ग्योंगजूला पोहोचते. स्टेशन मात्र जुन्या गावापासून दूर आहे. तेथून बस किंवा टॅक्सी करावी लागते. सोलमध्ये घेतलेले टी-मनी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड, येथील बसलाही चालते. रस्ता शोधण्यासाठी फोनमध्ये नेव्हर मॅप असावा, कारण आपल्या सवयीचा गूगल मॅप तेथे पायी चालण्याचा मार्ग नीट दाखवत नाही.

मुक्कामासाठी दोन भाग आहेत. बोमुन तलावाभोवती मोठी हॉटेले आहेत, आणि लहान मुले सोबत असतील किंवा पलंगाशिवाय झोप येत नसेल तर तेथेच उतरावे. इतरांनी जुन्या गावात, ह्वांगनिदान-गिल या रस्त्याच्या आसपास, हानोक म्हणजे पारंपरिक कौलारू लाकडी घरात खोली घ्यावी. चपला बाहेर काढून आत गेले की खोलीत पलंग नसतो. जमिनीवर गादी अंथरायची असते, आणि थंडीत ती जमीनच खालून तापवलेली असते. या व्यवस्थेला ओन्दोल म्हणतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खोली घेण्यापूर्वी पलंगाची चौकशी जरूर करावी. भिंती पातळ असल्याने रात्री आवाज जपून ठेवावा लागतो, हेही सोबतच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेले बरे.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी आणि माळकरी मंडळींसाठी खरा अवघड आहे, आणि त्याची तयारी घरूनच करावी. अडचण केवळ मांसाची नसते. किमचीत बहुधा मासळीचा किंवा कोळंबीचा खारवलेला रस असतो, आणि भाजीच्या वाटणाऱ्या रश्श्याचा आधारही सुक्या मासळीचा असू शकतो. त्यामुळे ‘मांस, मासे, अंडे आणि त्यांचा रस्सा चालत नाही’ असे वाक्य कोरियन लिपीत लिहून घ्यावे आणि मागणी नोंदवण्यापूर्वी दाखवावे. भात आणि भाज्यांचा बिबिम्बाप मांस व अंडे वगळून मिळू शकतो, मात्र त्यातील तिखट चटणीत मांस परतलेले नाही ना, हे विचारावे. उन्हाळ्यात सोयाबीनच्या थंड दुधातील शेवया, म्हणजे कोंगगुक्सू, हा शाकाहाऱ्यांसाठी सहसा निर्धोक पर्याय ठरतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांनी बौद्ध मंदिरातील जेवणाची चौकशी करावी, कारण त्या स्वयंपाकात मांसाबरोबर कांदा-लसूणही नसतो. त्यासाठी मंदिरात मुक्कामाची सोयही आधी नोंदवता येते. मांसाहार करणाऱ्यांनी स्साम्बाप घ्यावे : पानात भात आणि मांस गुंडाळून खायचे आणि सोबत कितीतरी लहान वाट्या, पण ते बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच वाढतात. लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड सारणाची ह्वांगनाम पाव ही येथील १९३९ पासूनची खासियत आहे. तिच्या आवरणात अंडे असते. घरून शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्यावे, मात्र ताजी फळे, बियाणे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत.

पहिला दिवस पायी फिरण्याचा ठेवावा. देरुंगवोन उद्यानातील गवताच्या उंच टेकड्या म्हणजे राजघराण्यातील माणसांच्या समाध्या आहेत. त्यांपैकी १९७३ मध्ये उत्खनन झालेल्या चोनमाचोंगमध्ये तिकीट काढून आत जाता येते. तेथून जवळच सातव्या शतकातील, सुमारे नऊ मीटर उंचीची चॉमसॉंगदे वेधशाळा आहे. राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात ७७१ मध्ये ओतलेली, जवळपास १९ टन वजनाची सॉंगदोक राजाची घंटा टांगलेली आहे. वोल्जी तलाव मात्र अंधार पडल्यावरच पाहावा, दिव्यांच्या प्रकाशात.

दुसरा दिवस पूर्णपणे बुल्गुक्सा हे बौद्ध मंदिर आणि सॉकगुराम हे डोंगरावरील बुद्धाचे लेणे यांना द्यावा. दोन्ही १९९५ पासून जागतिक वारसास्थळे आहेत. गावातून १० आणि ११ क्रमांकाच्या बस बुल्गुक्साकडे जातात. मंदिराच्या अंगणात दाबोताप आणि सॉक्गाताप हे दोन दगडी स्तूप समोरासमोर उभे आहेत, एक नक्षीने भरलेला आणि दुसरा अगदी साधा. दाबोतापचे चित्र दहा वोनच्या नाण्यावर आहे, तेव्हा ते नाणे खिशात ठेवून जावे. साध्या स्तूपात १९६६ मध्ये लाकडी ठशांनी छापलेले प्राचीन धर्मसूत्र सापडले. गर्दी या स्तूपांपाशी थांबते, पण गडाच्या तटबंदीची चिरेबंदी न्याहाळणाऱ्यांनी मंदिराच्या समोरील पायाकडे अवश्य पाहावे. तेथे खालच्या ओबडधोबड नैसर्गिक दगडाला हात न लावता वरचा घडीव दगड त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे कोरून बसवलेला आहे, आणि दोन्हींमधील सांधा अतिशय घट्ट आहे.

सॉकगुरामला १२ क्रमांकाची बस जाते, शिवाय डोंगरातून पायवाटही आहे. रोज सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्यांना ती जड जाणार नाही. आतील ग्रॅनाइटचा बुद्ध काचेआडून पाहावा लागतो आणि छायाचित्र काढण्यास मनाई आहे.

तिसरा दिवस हाताशी असेल तर यांगदोंग या जुन्या वस्तीत जावे. घरांत आजही लोक राहतात, म्हणून उघडे दार दिसले तरी आत शिरू नये. चेरीचा बहर एप्रिलच्या सुरुवातीला आणि पानांचे रंग ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीस येतात. चुसोक (शरद ऋतूतील सुगीचा सण) आणि सोल्लाल (चांद्र नववर्ष) या सणांच्या दिवसांत सारा देश गावी निघालेला असतो आणि गाड्यांची तिकिटे मिळणे कठीण होते, म्हणून विमानाचे आरक्षण करण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा तपासून घ्याव्यात.