दोन रुळांचं इंजिन तीन रुळांवर कसं आणावं

माझ्या घरात तीन रुळांची मॉडेल रेल्वे आली ती बोटीवरून. मामेभाऊ तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी होता. हॅम्बुर्गला बोट लागली की चवथीला घरी येताना मेर्कलिन या जर्मन कंपनीचं एखादं इंजिन बॅगेत असायचं. पुढे मी स्वतः विकत घेतलेली इंजिनं मात्र दोन रुळांची निघाली. एकाच माळ्यावर दोन वेगळे मार्ग मांडायला जागा नव्हती, म्हणून इंजिनं बदलायला शिकलो. आजवर बरीच बदलली. "खाली एक स्लायडर चिकटव, झालं" हा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांपैकी एकानेही हे काम स्वतः केलेलं नव्हतं.

तीन रूळ म्हटलं की गोव्यातल्या माणसाला मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं ते आठवतं. इथे गेजचा काही संबंध नाही. एचओ मापात दोन्ही पद्धतींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटरच असतं. फरक वीज कुठून येते एवढाच. दोन रुळांच्या पद्धतीत डावा रूळ एक टोक आणि उजवा दुसरं, म्हणून चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तुटलेली असतात. मेर्कलिनच्या पद्धतीत दोन्ही रूळ मिळून एकच टोक होतात आणि दुसरं टोक तिसऱ्या रुळाचं काम करणाऱ्या मधल्या छोट्या खिळ्यांतून येतं. इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी, म्हणजे स्लायडर, त्या खिळ्यांवरून घासत जाते. मार्ग वळून स्वतःलाच येऊन मिळाला तरी शॉर्ट होत नाही, हे या पद्धतीचं मोठं सुख.

इंजिन निवडताना डिकोडरचं, म्हणजे डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटचं, सॉकेट असलेलंच घ्या आणि डिजिटल करूनच तीन रुळांवर आणा. मेर्कलिनचा जुना ट्रान्सफॉर्मर एसी वीज देतो आणि दोन रुळांच्या इंजिनातली डीसी मोटर थेट एसीवर चालत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. तोच जुना ट्रान्सफॉर्मर वापरायचा हट्ट असेल तर एसीसाठी बनवलेलाच डिकोडर लागेल. त्या ट्रान्सफॉर्मरवर इंजिन उलटं फिरवण्यासाठी २४ व्होल्टचा झटका द्यावा लागतो आणि साधा डिकोडर त्यात जातो.

वायरिंग अर्ध्या तासाचं. डाव्या आणि उजव्या चाकांकडून येणाऱ्या तारा एकत्र करून काळ्या तारेला जोडा, लाल तार मोकळी करून स्लायडरला द्या. आठ पिनांच्या सॉकेटवर लाल म्हणजे ८ नंबर, काळी म्हणजे ४. फक्त रंगांच्या दोन भाषा आहेत हे विसरू नका. डीसीसी या डिजिटल नियंत्रणाच्या नेहमीच्या पद्धतीत नारिंगी आणि राखाडी तारा मोटरच्या, निळी दिव्यांची सामाईक. मेर्कलिनच्या पद्धतीत निळी आणि हिरवी मोटरच्या, नारिंगी दिव्यांची सामाईक, आणि रुळाची तार काळी नसून तपकिरी. डिकोडरबरोबरचा कागद समोर ठेवूनच डाग (सोल्डर) द्या.

आता स्लायडर. सगळं काम इथेच आहे.

आधी जागा. बोगी, म्हणजे खाली वळणारा चाकांचा गाडा, असलेल्या इंजिनाला स्लायडर बोगीच्याच पोटाखाली बसवा, इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला नाही. वळणावर सांगाडा बोगीपासून बाजूला सरकतो आणि पट्टी खिळ्यांवरून उतरते. ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या घट्ट वळणावर हे हमखास होतं. वाफेच्या इंजिनाला टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) असेल तर टेंडरखालची जागा उत्तम. बोगीखाली ब्रेकचे नकली भाग मध्ये येतात, ते कानशीने घासून सपाट करा. गिअरचं झाकण मात्र फोडू नका. त्यातून ग्रीस गळून पट्टीवर आलं की संपर्क गेला.

मग बसवणं. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर माझा अजिबात विश्वास नाही. मी पहिलं इंजिन टेपनेच केलं होतं. मे महिन्यात माळ्यावरच्या उकाड्याने गोंद मऊ पडला आणि जूनच्या दमटपणात तो पूर्ण सुटला. पट्टी नेमकी सांध्यावर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथे, गळून पडली, शॉर्ट झाला आणि डिकोडर गेला. तेव्हापासून मी प्लॅस्टिकची पातळ चकती इपॉक्सीने बसवतो आणि स्लायडर तिच्यावर बारीक स्क्रूने आवळतो. स्क्रूचं टोक चकतीतून पार होऊन धातूच्या अंगाला लागता कामा नये. लागलं तर तो सरळ शॉर्ट. शंका असेल तिथे नायलॉनचा स्क्रू घ्या. तार बसवण्याआधीच डागून ठेवा, नाहीतर सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या उष्णतेने पट्टीखालचं प्लॅस्टिक वितळतं. तार अनेक बारीक धाग्यांची आणि थोडी सैल हवी, बोगी वळते तेव्हा ताठ तार तुटते.

यानंतर उंची. मी सर्वात जास्त अडलो ते इथे. साध्या रुळावर मधले खिळे रुळाच्या माथ्यापेक्षा खाली असतात. सांध्यावर मात्र ते माथ्याच्याही वर येतात, कारण तिथे पट्टीला रूळ ओलांडायचा असतो आणि ती रुळाला टेकली तर शॉर्ट होईल. म्हणजे इंजिन हातात धरलं की पट्टी चाकांच्या टेकणाऱ्या पातळीच्या थोडी खाली लोंबली पाहिजे आणि बोटाने दाबली की त्या पातळीच्या वर सहज गेली पाहिजे. या दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी इंजिन चालणार नाही. खाली पुरेशी येत नसेल तर साध्या रुळावर दिवे लुकलुकतात. वर पुरेशी जात नसेल तर सांध्यावर खिळे इंजिनालाच उचलतात.

दिवे लुकलुकतात म्हणून मी एकदा पट्टीची स्प्रिंग जोरात वाकवली. लुकलुकणं थांबलं, पण बोगी प्रत्येक सांध्यावर रुळावरून उतरू लागली. तीन आठवडे मी चाकांना दोष देत होतो. चाकं ठीक होती. स्प्रिंग बोगीला वर ढकलत होती. त्याहून वाईट म्हणजे चढणीवर ओढच राहिली नाही. माझ्या मांडणीत कुळे ते कॅसलरॉक घाट आहे. खऱ्या घाटात १ ला ३७ चढ आहे, तेवढाच मी ठेवला. सपाटीवर आठ डबे ओढणारं इंजिन तिथे जागेवर चाकं फिरवत राहिलं. पट्टीचा दाब म्हणजे चाकांवरून उचललेलं वजन, हे तेव्हा कळलं. खूण सोपी आहे. इंजिन सपाट फळीवर ठेवा आणि बोगीखालची पट्टी काडीने वर दाबा. ती पूर्ण वर जाण्याआधी चाक उचललं गेलं तर स्प्रिंग कडक आहे. ती सैल करा आणि तरीही बोगी हलकी वाटली तर आत शिशाचा तुकडा टाका.

वीज सोडण्याआधी मल्टिमीटरने दोन चाचण्या करा. रूळ ट्रान्सफॉर्मरपासून सोडवा आणि डिकोडर काढून ठेवा. मीटरची एक तार स्लायडरला, दुसरी चाकांना लावून इंजिन प्रत्येक सांध्यावरून हाताने हळू ढकला. कुठेही बीप वाजला तर तिथे पट्टी रुळाला टेकते. मग दुसरी तार चाकांवरून काढून मधल्या खिळ्यांच्या जोडणीला लावा आणि पुन्हा ढकला. आता बीप कुठेही तुटता कामा नये. या दोन फेऱ्यांनी माझे पुढचे सगळे डिकोडर वाचले.

चाकं: दोन रुळांच्या इंजिनात चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.४ मिलिमीटर असतं, मेर्कलिनच्या रुळांना १४ च्या आसपास लागतं. सांध्यावर इंजिन चढत असेल तर व्हर्नियर लावून चाकं आत दाबा. एरवी हात लावू नका.

पावसाळ्यात पट्टी आणि खिळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर कधीही नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी धरतो.

उलट दिशेने, म्हणजे तीन रुळांचं इंजिन दोन रुळांवर आणताना, अडचण पट्टीची नसून चाकांची असते. एकाच आसावरच्या दोन्ही चाकांना मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर चाकं बदलावीच लागतात. जुन्या मेर्कलिनमध्ये गिअरचे दात चाकावरच ओतलेले असतील तर ते इंजिन जसं आहे तसं ठेवा आणि कुणाशी अदलाबदल करा, त्याची मोडतोड करू नका. नवी चाकं मिळत असतील तर ती बसवा, स्लायडर काढा, दोन्ही बाजूंच्या चाकांच्या पाठीला फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारा टेकवा, उजवीकडून लाल आणि डावीकडून काळी घ्या. डब्यांचीही चाकं बदला. धातूच्या आसावरचं एक चाक जरी राहिलं तरी पूर्ण मार्ग शॉर्ट होतो, म्हणून डबा रुळावर ठेवण्याआधी त्याच्या प्रत्येक आसाला मीटर लावा.