मुंबईच्या वर्डकॅम्प एशियाला निघण्याआधी

सगळ्यात आधी रजा. बँकॉक, तैपेई आणि मनिला झाल्यावर वर्डकॅम्प एशिया, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस वापरणाऱ्यांचा आणि घडवणाऱ्यांचा आशियाई मेळावा, आपल्याकडे आलाय: ९ ते ११ एप्रिल २०२६, बीकेसीतलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. नोकरी करणाऱ्यांनी रजेचा अर्ज मार्चअखेरच्या गडबडीत न टाकता त्याआधीच टाकावा. फ्रीलान्सरांनी क्लायंटला लेखी कळवून ठेवावं की या तीन दिवसांत साइट लाइव्ह होणार नाही. आणि रजा एकाच दिवसाची मिळत असेल, तर ती गुरुवारची घ्या.

हे मुद्दाम सांगतोय, कारण बरेच जण पहिला दिवस सोडून देतात. गुरुवारी कॉन्ट्रिब्युटर डे असतो, म्हणजे टीमवार टेबलांवर बसून वर्डप्रेससाठीच काम करायचा दिवस. पुढच्या दोन दिवसांतली भाषणं रेकॉर्ड होतात आणि नंतर वर्डप्रेस टीव्हीवर घरबसल्या पाहता येतात. पण ज्याने वर्षानुवर्षं कोअरमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या मूळ कोडमध्ये, पॅच (दुरुस्त्या) लिहिलेत, त्याच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसायची संधी याच दिवशी मिळते. २००३ पासून हे सॉफ्टवेअर असंच टेबलाभोवती बसून, एकमेकांच्या चुका दुरुस्त करत वाढलं, आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यावर आपलं पोट भरतं, तर एक दिवस त्याच्यासाठी द्यावा असं मला मनापासून वाटतं. तिकीट घेतल्यावर या दिवसाची वेगळी नोंदणी लागते का, हे लगेच पाहून घ्या. तिकिटाच्या फॉर्ममध्ये जेवण, टी-शर्टचं माप आणि काही खास गरज असल्यास ती नीट भरा. उपवास, जैन जेवण, व्हीलचेअर, जे असेल ते तिथेच लिहा. आयत्या वेळी सांगितलं तर स्वयंसेवकांचा जीव मेटाकुटीला येतो.

वर्डप्रेस डॉट ऑर्गचं खातं घरीच उघडा आणि पासवर्ड लक्षात ठेवा. प्रोजेक्टच्या स्लॅकवरही (टीमांच्या गप्पांचं ॲप) याच खात्यावरून जाता येतं. तिथे आपल्या टीमचा चॅनल आठवडाभर आधीपासून वाचायला लागा, म्हणजे टेबलावर कशाबद्दल बोलणं चाललंय ते पहिल्या तासात कळेल.

कोड लिहायचा असेल तर रिपॉझिटरी (वर्डप्रेसचा कोडसाठा) आणि त्याच्यावर काम करायला लागणारे नोड व डॉकरच्या इमेज घरच्या इंटरनेटवर उतरवून, एकदा साइट चालू करून पाहूनच निघा. शेकडो लॅपटॉप एकाच वेळी एकाच वायफायवरून गिगाबाइट ओढायला लागले की सकाळ सेटअपमध्येच जाते. लॅपटॉप जुना असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड वापरा. ते ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि चाचणी टीमला तेवढं पुरतं. ट्रॅक या वर्डप्रेसच्या चुका नोंदवायच्या साइटवर नवख्यांसाठी खूण केलेली दोन-तीन तिकिटं (तिथल्या नोंदींना तिकीट म्हणतात) आधी वाचून ठेवा.

कोड येत नसेल तरी या. मराठी येणाऱ्या माणसासाठी भाषांतराचं टेबल, म्हणजे पॉलीग्लॉट्स, ही सगळ्यात भरीव जागा आहे. लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड बसवा, इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, आणि चार दिवस त्यावर हात बसू द्या. मराठीची शब्दसूची वाचा, नाहीतर एकाच बटणाला तीन स्क्रीनवर तीन नावं पडतात. वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं अक्षर दिसलं तर हात लावू नका, त्या जागी पुढे कुणाचं नाव किंवा तारीख येणार असते. अशा दोन जागा असल्या तर त्यांना बहुधा क्रमांक दिलेले असतात. मग मराठीच्या वळणाप्रमाणे त्या मागेपुढे करता येतात, पण एकही गळता कामा नये. तुम्ही दिलेलं भाषांतर संपादकाने मंजूर करेपर्यंत प्रतीक्षेत राहतं, म्हणून ढीगभर ओळी घाईने ओतण्यापेक्षा रोज वापरता असं एखादं छोटं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची जादा सोय) निवडा. नव्वद टक्के ओळी मंजूर झाल्या की त्याचा मराठी भाषासंच आपोआप तयार होतो, आणि सोलापुरातल्या दुकानदाराला त्याच्या ऑर्डरचं पान मराठीत दिसतं. छोटं प्लगिन चौघांनी धरलं तर एका दिवसात एवढी मजल मारता येते.

फोटो टीममध्येही, म्हणजे वर्डप्रेसच्या मोफत फोटोसंग्रहाच्या टेबलावर, गर्दी असते. तिथे द्यायचे फोटो स्वतः काढलेले हवेत, ओळखू येणारा चेहरा चालत नाही, आणि एकदा दिलेला फोटो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरू शकतो. जो फोटो विकायचा विचार आहे तो देऊ नका.

आता प्रवास. पुण्याहून सकाळी निघून पोहोचू असं गृहीत धरू नका. डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते आणि दादरला येईपर्यंत दहा वाजून जातात. नाशिकच्या पंचवटीचीही तीच गत. आदल्या रात्री नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे मुक्काम करा. बीकेसीला जायला आता मेट्रो ३ आहे. सीएसएमटी, दादर, विमानतळाचं टी-२ ही सगळी स्टेशनं त्याच मार्गावर आहेत, त्यामुळे वांद्र्याच्या किंवा कुर्ल्याच्या शेअर रिक्षाची रांग टाळता येते. एप्रिलात बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीचा गारठा, म्हणून सुती कपडे आणि वर घालायला एक पातळ जॅकेट किंवा ओढणी. चार्जर, पॉवरबँक, पाण्याची बाटली, रोजची औषधं. बॅग अर्धी रिकामीच न्या, वापूचे (वर्डप्रेसचं लाडकं कार्टून-चिन्ह) स्टिकर आणि टी-शर्ट तिथे मिळतात.

ओळख करून द्यायची दोन वाक्यं तयार ठेवा: काय करता आणि सध्या कशावर अडलाय. दुसरं वाक्य जास्त कामाचं, कारण त्यावर समोरचा लगेच काहीतरी सुचवतो. इंग्रजीचं दडपण घेऊ नका. जपान, थायलंड, इंडोनेशिया, नेपाळहून येणाऱ्या बहुतेकांची ती मातृभाषा नाहीच. घोळक्यात उभे असाल तेव्हा एका माणसापुरती फट मोकळी सोडा, म्हणजे एकट्याने आलेल्याला आत येता येतं. यालाच तिथे पॅक-मॅन नियम म्हणतात. आणि आपण चौघं मराठी जमलो की मराठीत रंगतो, तेव्हा शेजारी उभ्या पाहुण्याचीही आठवण ठेवा. भाषणांपैकी तीन-चारच पक्की ठरवा आणि प्रश्न लिहून न्या. बाकीचा वेळ बाहेरच्या गप्पांसाठी मोकळा असू द्या. नोकरी शोधत असाल तर प्रायोजकांच्या स्टॉलवर शुक्रवारीच जा, शनिवारी दुपारनंतर आवराआवर सुरू होते.

आणि यायचं रद्द झालं तर तिकिटाच्या मेलमधल्या दुव्यावरून वेळेत कळवा. तिकिटं टप्प्याटप्प्याने निघतात आणि संपतात. ती जागा नांदेडच्या किंवा गुवाहाटीच्या एखाद्या विद्यार्थ्याला मिळू शकते.